आधी सोड, मग बोलू

महाराष्ट्रात दारूची गोष्ट निघाली की बाईची जागा ठरलेली असते. ती पिणाऱ्याची बायको असते, आई असते, नाहीतर पदर खोचून गुत्त्यावर मोर्चा नेणारी असते. गावातलं दुकान बंद करायचं की नाही यावर मतदान होतं तेव्हा मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात, आणि आडव्या बाटलीसाठी बायका रोजगार बुडवून रांगेत उभ्या राहतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती आणण्यात बायकांचा वाटा मोठा. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण या सगळ्यात एक बाई कुठेच बसत नाही. जी स्वतः पिते ती.

ती नाही असं नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंच्याहत्तर वयाचे २७.३ टक्के पुरुष दारू पितात आणि १.६ टक्के बायका. एवढी तफावत पाहिली की व्यसनमुक्ती म्हणजे पुरुषांचं खातं असं का झालं ते कळतं. खाटा त्यांच्यासाठी, संडास-बाथरूम त्यांच्या हिशेबाने, आणि ‘कुटुंबाचं सेशन’ म्हणजे बायकोचं सेशन. या पाहणीत तंबाखू धरलेली नव्हती. ती धरली की गणित बदलतं. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १२.८ टक्के बायका धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. आमच्या कराडकडे याला कुणी व्यसन म्हणत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि दिवसातून चार-पाच वेळा बोटाने दातांना लावत ओट्यावर बसायचं. मिश्री. माझी एक चुलत आजी म्हणायची, “मिश्री लावली की डोक्यातला कालवा थांबतो.” कालवा कसला होता हे तिला कुणी विचारलं नाही. तसं विचारायची घरात पद्धत नव्हती.

मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून पुण्याबाहेरच्या एका छोट्या केंद्राच्या महिला वॉर्डात आठवड्यातून एक दुपार जाते. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही. बायका वहीत रोजचं काहीतरी लिहितात, ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात आणि मी लिहून घेते. एवढंच काम. पुढे ज्या बायका येतील त्यातली एकही जशीच्या तशी खरी नाही. दोघी-तिघींचे तपशील मी मुद्दाम एकमेकींत मिसळले आहेत, गावं बदलली आहेत, नावं दिलेलीच नाहीत.

भाजीचा गाळा चालवणारी, पंचेचाळिशीच्या आसपासची एक बाई होती. देशी पिणारी. वॉर्डात आल्यावर तिने पहिली मागणी केली ती खाटेची. भिंतीकडची हवी, आणि दार दिसलं पाहिजे. सिस्टरला वाटलं, नखरे. लग्न तिचं चौदाव्या वर्षी झालेलं. रात्री काय व्हायचं ते तिने मला तीन वाक्यांत सांगितलं आणि “हे नको लिहू” म्हणाली, म्हणून इथेही लिहीत नाही. पहिला घोट नवऱ्यानेच दिला होता. “घे दोन घोट, त्रास व्हायचा नाही.” आणि खरंच झाला नाही. मग ती तो यायच्या आधीच घेऊ लागली. पुढे नवरा वारला. त्याला आता बरीच वर्षं झाली. दारू सुटायला हवी होती, लोकही तसंच म्हणाले, आता कसला त्रास तुला. पण तो गेल्यावर तिचं पिणं वाढलं. रात्री फाटकाची कडी वाजली, शेजारच्या पोराने का वाजवली असेना, की तिचं अंग गार पडायचं आणि हात आपोआप बाटलीकडे जायचा.

आघातोत्तर तणाव, डॉक्टर मंडळी ज्याला पीटीएसडी म्हणतात, तो हाच. घडलेली गोष्ट घडून संपत नाही. मेंदूत धोक्याची सूचना देणारी यंत्रणा एकदा ओरडली ती बंदच होत नाही. घरात कुणी नाही, पण शरीराला ते कळत नाही. छाती धडधडते, झोप लागत नाही, लागली तर तेच स्वप्न, मागून कुणी बोललं की दचकायला होतं. काहींच्या बाबतीत उलटं, काहीच जाणवेनासं होतं, पोराला कडेवर घेतलं तरी आपलं वाटत नाही. आता अशा शरीरात दारू गेली तर काय होतं? ती मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनांचा असर वाढवते आणि धोक्याची घंटा तासाभरासाठी बंद पाडते. हे औषध म्हणून वाईट नाही, लगेच लागू पडतं, स्वस्त आहे आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. एडवर्ड खांत्झियन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली हे स्पष्ट मांडलं की पुष्कळ व्यसनी माणसं मजेसाठी नाही, स्वतःवर उपचार म्हणून नशा करतात, आणि कोण कशाची निवड करतं तेही त्याच्या दुखण्यावर ठरतं.

उपचाराची किंमत मध्यरात्रीनंतर कळते. दारूमुळे पहिल्या प्रहरात स्वप्नांची झोप दाबली जाते, आणि दारू उतरू लागली की ती दुप्पट जोराने परत येते. पहाटे तीनला दचकून जाग, घामाघूम, तेच स्वप्न. म्हणजे जी गोष्ट झोपण्यासाठी घेतली ती झोप मोडते, आणि मोडली म्हणून पुन्हा घ्यावी लागते. आणि एक दिवस सोडायचं ठरवलं तर? विड्रॉल सुरू होतो. हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, प्रत्येक आवाजाने अंग शहारतं. ज्या बाईच्या शरीराने हे सगळं आधी एका भयंकर रात्री अनुभवलेलं आहे, तिच्या शरीराला विड्रॉल आणि ती रात्र यांत फरक कसा करता यावा? गाळेवालीची थरथर चौथ्या दिवशी थांबली. औषधं नीट चालू होती, सगळ्यांना वाटलं सुटली. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. रात्री किंचाळून उठायची, दार लावलंय का बघून यायची. दहाव्या दिवशी पिशवी भरून निघाली. कागदावर कारण लिहिलं गेलं: ‘उपचाराला सहकार्य नाही’.

असे शेरे मला फार खटकतात. तिने दहा दिवसांत जेवढं सहकार्य केलं तेवढं मला जमलं नसतं.

दारूपेक्षा गोळ्यांचं प्रकरण जास्त गुपचूप चालतं. शाळेत शिकवणारी, नीटनेटकी साडी, दोन मुलं. तिला कुणी व्यसनी म्हणालंच नसतं, कारण तिच्या पर्समध्ये बाटली नव्हती, अल्प्राझोलमची पट्टी होती. कधीतरी झोप येत नाही म्हणून कुणीतरी लिहून दिलेली. का येत नाही, हे विचारायला ओपीडीत वेळ नव्हता. २०१४ पासून ही गोळी एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठी पाहून, नोंद करून विकायची. पण जुनी चिठ्ठी आणि ओळखीचा केमिस्ट असला की झालं. गोळीचा असर लवकर ओसरतो आणि ओसरताना भीती आधीपेक्षा मोठी होऊन येते. अर्धी होती ती एक झाली, एकीच्या तीन झाल्या. गंमत अशी की आघातोत्तर तणावावर या जातीच्या गोळ्या देऊच नयेत असं आता बहुतेक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलेलं असतं. भीतीशी तडजोड करायला मन जे हळूहळू शिकत असतं, ते शिकणंच त्या थांबवतात. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी गोळी वर्षानुवर्षं घेत असेल तर एक मात्र सांगते: जोशात येऊन एका रात्रीत बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करतात. कुणाला विचारावं कळत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

बाईचं शरीर व्यसनाच्या बाबतीत तिच्यावर अन्याय करतं, हे थोडक्यात. शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातली मात्रा जास्त चढते. यकृताची खराबीही लवकर होते. पहिल्या घोटापासून पूर्ण अवलंबून होईपर्यंतचा रस्ता पुरुष सावकाश चालतात, बायका लवकर संपवतात. उपचारापर्यंत मात्र त्या उशिरा पोचतात. घरचे आधी देवऋषी करतात, मग माहेरी पाठवतात, मग खोलीत कोंडतात, आणि मग केंद्राचा फोन शोधतात.

‘बायका मुळातच नाजूक, त्यांना सगळं मनाला लागतं’, हे मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. या समजुतीला उत्तर देणारी एक जुनी आणि मोठी अमेरिकन पाहणी आहे, रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये छापलेली. आयुष्यात कधीतरी मोठा आघात वाट्याला आलेले पुरुष ६०.७ टक्के, बायका ५१.२ टक्के. म्हणजे आघात पुरुषांच्या वाट्याला जास्त. पण आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या, सगळ्या बायकांपैकी १०.४ टक्के, आणि सगळ्या पुरुषांपैकी ५ टक्के. इथवर वाचून ‘नाजूक’ म्हणणारे खूश होतील. पुढे वाचावं. कुठल्या आघाताने काय होतं हे वेगळं काढलं तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त पीटीएसडी बलात्कारातून होतो, आणि ज्या पुरुषांवर बलात्कार झाला होता त्यांच्यातलं प्रमाण ६५ टक्के निघालं, बायकांमध्ये सुमारे ४६. पुरुषांना अपघात, मारामारी, आग, हे जास्त भोगावं लागतं. बायकांच्या वाट्याला ज्या प्रकारची इजा येते ती माणसाला आतून मोडणारी असते, मग माणूस कुणीही असो. त्याच पाहणीत पीटीएसडी असलेल्या बायकांपैकी जवळजवळ २८ टक्क्यांना दारूचा विकार होता आणि २७ टक्क्यांना इतर नशेचा. पीटीएसडी नसलेल्या बायकांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त.

पीटीएसडी म्हटलं की डोळ्यांपुढे सैनिक येतो, यालाही इतिहास आहे. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव आलं ते व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीमुळे. त्याच्या सहा वर्षं आधी, १९७४ मध्ये, ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होमस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधल्या कामावरून एक लेख लिहिला होता. बलात्कारानंतर आणलेल्या बायकांसाठी त्या दोघी वर्षभर रात्री-अपरात्री हजर राहिल्या, त्यांच्याशी बोलल्या, नंतरही भेटत राहिल्या. झोप उडणं, तीच स्वप्नं, दचकणं, घर बदलणं, अशा ज्या खुणा त्यांनी लिहून ठेवल्या त्या सैनिकांच्या खुणांशी जुळत होत्या. सैनिकाचं दुखणं लोकांना पटलं, कारण त्याची लढाई सगळ्यांना माहीत होती. बाईची लढाई घरात.

सॅन दिएगोमधली एक गोष्ट मला सारखी आठवते. व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर तिथे अतिलठ्ठ माणसांचं वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. ऐंशीचं दशक. कार्यक्रम उत्तम चालला होता, माणसं भराभर बारीक होत होती, आणि नेमकी ज्यांचं वजन छान उतरलं तीच कार्यक्रम सोडून पळत होती. फेलिटींना उलगडा होईना. ते एकेकाला बोलावून प्रश्न विचारू लागले. एकदा एका बाईला विचारायचं होतं की पहिल्यांदा लैंगिक संबंध आला तेव्हा तुमचं वय किती होतं. तोंडातून चुकून ‘वजन किती होतं’ असं निघालं. ती म्हणाली, “चाळीस पौंड.” म्हणजे अठरा किलो. आणि रडत म्हणाली, “माझ्या वडिलांबरोबर.” पुढे अशा किती तरी निघाल्या. लठ्ठपणा ही डॉक्टरांच्या दृष्टीने समस्या होती. त्या बायकांच्या दृष्टीने तो इलाज होता. आपल्याकडे कुणी बघू नये, यासाठीचा.

यातूनच पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक लोकांच्या बालपणाची पाहणी केली. तिचा पहिला मोठा निबंध १९९८ मध्ये आला. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात व्यसनी माणूस, आईला होणारी मारहाण अशा गोष्टींची यादी करायची आणि कुणाच्या वाट्याला त्यातल्या किती आल्या ते मोजायचं, इतकी साधी पद्धत. चार किंवा अधिक गोष्टी वाट्याला आलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, इतर नशा, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त होता. ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. विमा असलेली, बहुतेक कॉलेजची पायरी चढलेली, मध्यमवर्गीय होती.

इथे थोडं सावरून लिहायला हवं. हल्ली रील्समध्ये परीक्षेत कमी मार्क मिळाले तरी ‘ट्रॉमा’ होतो. आणि दुसऱ्या बाजूला, व्यसन असलेल्या प्रत्येक बाईच्या मागे अत्याचार शोधत बसायचं, तेही चूक. काही बायका मैत्रिणींच्या नादाने सुरू करतात, काही कंपनीच्या पार्ट्यांतून, काहींच्या घराण्यातच ते असतं. ज्यांच्यावर फार वाईट प्रसंग आले त्यातल्या बहुतेकजणी कधीच नशेकडे वळत नाहीत. शिवाय बाण उलटाही जातो. पिणारी बाई एकटी पडते, उशिरा घरी येते, कुणाच्या तरी गाडीत बसते, आणि तिच्यावर हात टाकणाऱ्याला ठाऊक असतं की ती प्यायलेली होती एवढं म्हटलं की तक्रार तिथेच मिटते. नव्या आघातावर पुन्हा तोच जुना इलाज. वॉर्डातल्या एका पोरीच्या वहीत आधी काय आणि नंतर काय हे तिलाही लावता येत नव्हतं. बाण कुठून कुठे जातो याचा वाद विद्वानांनी घालावा. वॉर्डात दोन्ही एकत्रच येतात.

मग उपचार मात्र वेगळे का? आपल्याकडे, आणि कित्येक वर्षं जगभर, क्रम ठरलेला होता: आधी सोड, मग बोलू. सहा महिने, वर्षभर सोबर राहा, मग जुन्या गोष्टी काढू. आत्ता काढल्या तर परत पिशील. हे वरवर शहाणपणाचं वाटतं. मलाही सुरुवातीला पटायचं. पण त्यात एक अट दडलेली असते: जिच्या जोरावर ती आजवर उभी राहिली ती काठी आधी टाकून दे, पायाचं आपण नंतर बघू.

हा क्रम चुकीचा आहे हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालं आहे. अमेरिकेत डेनिस हीन आणि सहकाऱ्यांनी सात केंद्रांमधल्या ३५३ बायकांवर चाचणी केली. सगळ्यांना पीटीएसडी आणि नशा असे दोन्ही त्रास होते. निम्म्यांना ‘सीकिंग सेफ्टी’ नावाची पद्धत दिली. ती लिसा नजाविट्स यांनी तयार केलेली, जुना प्रसंग उकरून न काढता आज सुरक्षित कसं राहायचं हे शिकवणारी. उरलेल्यांना बायकांच्या आरोग्याविषयी नुसती माहिती देणारे वर्ग. २००९ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांचा तणाव कमी झाला होता आणि खास पद्धत साध्या वर्गांपेक्षा सरस ठरली नव्हती. उत्साही मंडळी हिरमुसली असणार. मला मात्र हा निकाल भारी वाटतो. बायकांना एकत्र बसवून त्यांच्या शरीराबद्दल कुणी नीट बोललं तरी एवढा फरक पडतो! पुढच्या वर्षी त्याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला. ज्यांचा तणाव उतरला त्यांची नशाही कमी होत गेली. उलट, नशा कमी झाली म्हणून तणाव उतरला, असं फारसं दिसलं नाही. म्हणजे आपण ज्या टोकाने गाठ सोडवायला बसलो होतो ते टोकच नव्हतं.

आणि ‘जुनं काढलं तर परत पिशील’ या भीतीचं? सिडनीत कॅथरीन मिल्स आणि सहकाऱ्यांनी १०३ जणांवर चाचणी केली, त्यात बायका निम्म्याहून जास्त. नशा पूर्ण सुटलेली नसतानाच, जाणत्या थेरपिस्टबरोबर, त्या प्रसंगाकडे टप्प्याटप्प्याने परत पाहायचं. २०१२ मध्ये छापून आलेला निकाल: पीटीएसडी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरला, आणि नशा वाढली नाही. हे काम कुणीही उठून करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. हौशी माणसाने ‘मोकळी हो, सगळं बोल’ म्हणत बाईला उघडं पाडायचं आणि साडेपाचची बस पकडून घरी जायचं, यासारखा दुष्टपणा नाही. म्हणूनच बाईने “नको लिहू” म्हटलं की मी पेन खाली ठेवते.

गटात बोलण्याचाही प्रश्न आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं आपसातलं मंडळ १९३५ मध्ये सुरू झालं, दोन पुरुषांच्या भेटीतून. त्यातली पहिलीच पायरी ही की दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करायचं. मी एएच्या विरोधात नाही. रात्री अकराला फोन उचलणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. पण सत्तरच्या दशकात जीन कर्कपॅट्रिक या अमेरिकन बाईंनी, ज्या स्वतः दारूतून बाहेर आल्या होत्या, बायकांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ हा वेगळा गट काढला. त्यांचं म्हणणं असं की बायकांना हतबलता शिकवायची गरज नाही, ती त्यांना जन्मभर शिकवलेली असते. त्यांना आपलं काही चालतं हे कळायला हवं. नवऱ्याने, बापाने, शेजाऱ्याने हतबल केलेल्या बाईला आता देवापुढे पुन्हा तेच म्हणायला लावायचं, हे मलाही जड जातं. आणि आपल्याकडच्या मीटिंगांत पंचवीस-तीस पुरुष आणि कोपऱ्यात एखाद-दुसरी बाई असते. ती काय शेअरिंग करणार? “मी अमुक, मी दारुडी आहे”, एवढं म्हणून बसते. टाळ्या पडतात.

म्हणून बायकांसाठी वेगळी जागा लागते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या कामातून उभं राहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी पैसे दिले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. पिणाऱ्यांच्या बायकांचे गट आधी, पिणाऱ्या बायकांची सोय नंतर, हा क्रम सगळीकडे सारखाच. मी जाते त्या केंद्रातला महिला वॉर्ड तर मूळचा स्टोअर रूमचा भाग आहे. पण तिथे रात्री एक दिवा चालू ठेवतात, राउंडला येणारा पुरुष कर्मचारी आधी हाक मारतो, आणि आल्यावर खाट निवडू देतात. गाळेवाली पळून गेल्यानंतर हे सुरू झालं. ती पुन्हा आली तेव्हा तिला भिंतीकडची खाट न मागता मिळाली, आणि त्या खेपेला ती पूर्ण महिना राहिली.

राहता राहिलं घर. पुरुष बरा होऊन घरी जातो तेव्हा घर त्याची वाट पाहत असतं. भांडत, कुरकुरत का होईना, बायको औषधाच्या वेळा सांभाळते. बाई कुठे जाते? पुष्कळदा जिथे जखम झाली तिथेच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अठरा ते एकोणपन्नास वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. नवरा वरचेवर पिऊन तर्र असणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के. जबरदस्ती हा गुन्हा आहे हे तिला कोण सांगणार? २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कारात मोडत नाही. कायदा जे मोजत नाही ते तीही मोजत नाही. ‘काही झालंय का तुमच्याबाबतीत?’ असं विचारलं की गाळेवाली सुरुवातीला म्हणायची, “न्हाई, काय व्हनारंय? लगीन झालं.” कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. पण व्यसनमुक्ती केंद्र आणि संरक्षण अधिकारी यांची एकमेकांशी ओळखच नसते. आणि बाई केंद्रात राहून आली, हे कागद उद्या मुलांच्या ताब्याच्या दाव्यात नवऱ्याचा वकील हमखास पुढे करतो. तिचं पिणं फाइलीला लागतं. त्याचं मारणं कुठेच लागत नाही.

शिक्षिकेला न्यायला नवरा आला होता. सभ्य माणूस, सगळ्यांना पेढे दिले, डॉक्टरांना म्हणाला, “आता गोळ्या माझ्याच ताब्यात ठेवतो.” ती माझ्याकडे बघून नुसती हसली. तिची वही मी वाचलेली होती. पुढच्या फॉलोअपला ती बहिणीबरोबर आली, आणि बहिणीकडेच राहते आहे असं म्हणाली. बाकी कुणी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. गोळी अर्ध्यावर आली आहे.

आमच्या केंद्राच्या भरतीच्या फॉर्ममध्ये आता एक नवा प्रश्न आहे: घरात किंवा बाहेर तुम्हाला भीती वाटेल असं काही घडलं आहे का, आणि त्याबद्दल बोलायचं असल्यास केव्हा? पहिल्या दिवशी तो विचारत नाहीत, थरथर थांबल्यावर, एकटीला, बाई काउन्सेलर विचारते. उत्तर द्यायची सक्ती नाही. बऱ्याच जणी ‘केव्हा’च्या पुढे काहीतरी लिहितात. त्याच फॉर्मच्या शेवटी ‘डिस्चार्जच्या वेळी ताब्यात घेणारी व्यक्ती: पती / पालक’ असा रकाना वर्षानुवर्षं छापलेला आहे. काउन्सेलर ताई तो पेनने खोडतात आणि वर लिहितात, ‘पेशंट सांगेल ती’. नवे फॉर्म छापायला दिलेत म्हणे.